घरचं सुतारकाम वाढवायचं आहे, पण आबांच्या डोक्यातलं कागदावर कसं आणायचं?

रंध्याची_धार

नमस्कार. बरेच दिवस लिहायचं मनात होतं पण लिहायला बसलं की कामावरून फोन येतो, आज सुट्टी आहे म्हणून सगळं एकदमच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचं घरचं सुतारकाम आहे. आजोबांनी सुरू केलं, आबांनी चालवलं, आता मोठा दादा आणि मी बघतो. मी नऊ वर्षांपूर्वी आले तेव्हा आबा, दादा आणि दोन कारागीर एवढेच होते, मागच्या शेडमध्ये एक करवत मशीन, एक रंधा मशीन आणि बाकी सगळं हातावर. आज आम्ही चौदा जण आहोत. कपाटं, पलंग, टेबलं, दारं असं सगळं करतो.

मी आले ती हिशोब बघायला. तेव्हा परिस्थिती अशी की वर्षभर कामाला उसंत नाही, गिऱ्हाइकं थांबायला तयार, आणि वर्षाच्या शेवटी हातात काही उरत नाही. दादा म्हणायचा लाकूड महाग झालं, आबा म्हणायचे एवढं वर्ष जाऊ दे. मला ते पटेना, म्हणून मी एक साधी गोष्ट केली. एक कपाट निवडलं आणि पहिल्या फळीपासून ते गाडीत चढेपर्यंत कोणाचा किती वेळ गेला ते भिंतीवरच्या कागदावर लिहायला लावलं, प्रत्येकाने आपापलं. दादाच्या हिशोबात ते काम ४० तासांचं होतं आणि भाव त्यावरच दिलेला. कागदावर बेरीज आली ७१ तास! वरचे ३१ तास कुठून आले म्हणून बघितलं तर ते सगळे घरचे होते. वहिनी दुपारी येऊन घासकाम आणि पॉलिश करायची ते, आबा पहाटे लवकर उठून फळ्या निवडायचे आणि सांधे बसवून बघायचे ते, दादा रात्री हार्डवेअर आणायला जायचा ते. घरचा माणूस म्हणून त्याचा वेळ फुकट धरलेला. इतकी वर्षं आम्ही प्रत्येक कपाटामागे ३१ तास गिऱ्हाइकाला तसेच देत होतो आणि कोणालाच माहीत नव्हतं, वहिनीला तर कोणी कधी विचारलंही नव्हतं.

तो कागद मी अजून जपून ठेवलाय. त्याच्यानंतर भाव बदलले, काही गिऱ्हाइकं गेली, पण जी राहिली त्यांच्या कामातून पहिल्यांदा पैसे उरले आणि मग माणसं घेता आली. तर वाढ खरी तिथून सुरू झाली, मशीन नंतर आली.

आता मूळ प्रश्न. एका मोठ्या गिऱ्हाइकाने विचारलंय, महिन्याला एकाच मापाचे ६० सेट, टेबल आणि छोटं कपाट मिळून एक सेट, दोन वर्षं. घ्यायचं तर दुसरी शेड, सीएनसी राउटर (कॉम्प्युटरवर चालणारी कापायची मशीन) आणि किमान आठ माणसं जास्त लागतील. दादा हो म्हणतोय, आबा नको म्हणतात. आबांचं म्हणणं असं की आपण लाकूड ओळखतो म्हणून लोक येतात, साठ सेटच्या लाकडाला हात लावायला मी एकटा कुठे पुरणार. आणि ते खरं आहे! कुठली फळी कुठे लावायची, कुठली अजून मुरू द्यायची, कुठला सांधा कशाला, हे सगळं त्यांच्या डोक्यात आहे. कागदावर एक अक्षर नाही. आबा आता सत्तरीच्या पुढे आहेत.

ज्यांनी घरचा धंदा असा वाढवलाय किंवा वाढवताना हात पोळलेत त्यांनी कृपया लिहा.

---

हिशोबनीस

तुमचा भिंतीवरचा कागद आवडला, बऱ्याच ठिकाणी तो कागद कधी लागतच नाही. मी छोट्या कारखान्यांचे हिशोब बघतो, त्यातले तीन-चार लाकडाचेच आहेत, म्हणून थोडं लिहितो.

पहिलं, तास धरताना हजेरीचे तास धरू नका. आठ तास हजेरी म्हणजे आठ तास काम कधीच नसतं, पटाशीला धार लावणं, फळ्या उचलून ठेवणं, झाडलोट, हार्डवेअरची वाट बघणं यात वेळ जातोच आणि तो गेलाच पाहिजे. मी बघितलंय त्यात साडेपाच ते सहा तास प्रत्यक्ष कामावर पडतात. पगार आठाचा आणि काम सहाचं, तर तासाचा खर्च त्या सहावर भागून काढायचा. इथेच निम्मी माणसं चुकतात.

दुसरं, भावात नफा धरताना एक गल्लत फार होते. खर्च १०० आला आणि वर २५ टक्के लावले की विक्री १२५, आणि आपण म्हणतो २५ टक्के नफा. पण विक्रीच्या मानाने तो २० टक्केच आहे. गिऱ्हाइकाने १० टक्के कमी करा म्हटलं की ते १२५ वरचे १० टक्के, म्हणजे साडेबारा. तुमच्या २५ मधले निम्मे एका वाक्यात गेले. दादांना हे एकदा कागदावर करून दाखवा.

तिसरं सीएनसीचं. मशीनचा तास किती चालतो त्यावर तो स्वस्त की महाग ते ठरतं. दिवसाला सहा तास चालली तर एका तासावर जो बोजा पडतो, त्याच्या तिप्पट दोन तास चालली तर पडतो, हप्ता तोच असतो. आणि मशीन बहुतेक कशाने थांबते, तर ड्रॉइंग तयार नसतं म्हणून. कॉम्प्युटरवर बसणारा माणूस आधी, मशीन नंतर.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पैसे किती दिवसांनी मिळणार ते तुम्ही लिहिलंच नाहीये. समजा लाकूड एक महिना आधी घेतलं, महिनाभर काम चाललं, माल दिल्यावर ६० दिवसांनी पैसे. म्हणजे कुठल्याही दिवशी चार महिन्यांचं, २४० सेटचं लाकूड तुमच्या पैशाने अडकून पडलेलं, वर दर महिन्याला पगार आहेतच. ऑर्डर भरपूर असताना बंद पडलेले कारखाने मी बघितलेत ते ह्याच कारणाने, तोट्यात नव्हते, हातात रोख नव्हती.

---

कवडसा

वाचतेय. वहिनींचे फुकट धरलेले तास वाचून पोटात कालवलं.

---

उभी_रेघ

हात पोळलेल्यांपैकी मी एक.

आमचंही घरचं, मी आणि धाकटा भाऊ. अशीच मोठी ऑर्डर आली होती, सागवानी टेबलं, ४० नग. एरवी आम्ही लाकूड आणून फळ्या पाडून, मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवायचो. जुना अंदाज असा की एक इंच जाडीला हवेवर साधारण एक वर्ष. इतक्या मोठ्या ऑर्डरला वर्षभर मुरलेलं लाकूड कुठून आणणार, म्हणून एकाकडून 'सुकवलेलं' लाकूड घेतलं. वरून कोरडंच वाटत होतं. रंधा मारला, छान रेघ निघाली, पॉलिश झालं, माल गेला. गिऱ्हाइकाकडे एसी होता, दिवसरात्र चालू. तीन महिन्यांत फोन सुरू झाले.

काय झालं ते नंतर शिकलो, ते सांगतो. झाड ताजं असताना लाकडात दोन जागी पाणी असतं, पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतीत. पोकळीतलं पाणी जातं तेव्हा लाकूड फक्त हलकं होतं, माप बदलत नाही. ओलावा साधारण २८ ते ३० टक्क्यांच्या खाली आला की मग भिंतीतलं पाणी जायला लागतं आणि तिथून पुढे लाकूड आकसतं. आकसतं ते सगळीकडे सारखं नाही. उभ्या रेघेच्या दिशेने जवळजवळ नाहीच. आडवं आकसतं, आणि त्यातही खोडातल्या वर्तुळांच्या कडेकडेने जेवढं आकसतं त्याच्या साधारण निम्मं गाभ्यापासून सालीच्या दिशेने. सागवान ह्यात शहाणं लाकूड, पार ओल्यापासून पार कोरडं होईपर्यंत वर्तुळांच्या कडेने साधारण ५.८ टक्के आणि गाभ्यापासून सालीकडे २.५. हा जो फरक आहे ना त्यानेच फळी पन्हाळीसारखी होते.

आता आमचं टेबल घ्या. वरचा पाट ९०० मिलिमीटर रुंद, फळ्या जोडून केलेला. लाकूड आमच्याकडे १४ टक्क्यांवर होतं, एसीत बसून १० वर आलं. चारच टक्के! पण त्यात पाट ७ मिलिमीटर आकसायला बघत होता आणि आम्ही तो खालच्या फ्रेमला स्क्रूने गच्च आवळलेला. लाकडाला जागा मिळाली नाही की ते फाटतं, दुसरं करणार काय. ४० मधली २३ टेबलं परत आली.

तेव्हापासून दोन गोष्टी. पाट कधीही गच्च आवळत नाही, स्क्रूचं भोक लांबट ठेवतो किंवा लाकडी गुटके खाचेत सरकते ठेवतो. दाराचं पॅनलही खाचेत मोकळं, गोंद नाही. आणि लाकूड आलं की कोणाच्या शब्दावर विश्वास नाही, मोजायचं. ओलाव्याचा मीटर नसला तरी घरच्या ओव्हनवर होतं. फळीच्या टोकापासून नको, टोक आधी वाळतं, चांगलं फूटभर आतून एक तुकडा कापायचा, लगेच वजन करायचं, मग १०३ अंशाच्या आसपास ठेवून वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवायचा. आधी ६० ग्रॅम, नंतर ५०, म्हणजे पाणी १० ग्रॅम. आता भागायचं कोरड्या वजनाने, ओल्या नाही. १० भागिले ५०, ओलावा २० टक्के. असं लाकूड फर्निचरला घ्यायचंच नाही, घराच्या आतल्या फर्निचरला ८ ते १२.

तुमचे आबा बरोबर बोलतायत. त्यांचा नकार सेटला नव्हे, ओल्या लाकडाला आहे असं मला वाटतंय.

---

रंध्याची_धार

उभी_रेघ, हे मी आज संध्याकाळी आबांना वाचून दाखवलं. पूर्ण ऐकलं त्यांनी. २३ टेबलांपाशी डोळे मिटले आणि म्हणाले, "त्या पोराला सांग, आमचीही गेली होती." मला हे माहीतच नव्हतं! मी शाळेत असताना बारा दारं परत आली होती म्हणे आणि आबांनी सगळी फुकट करून दिली, घरात कोणाला बोलले नाहीत. त्यानंतरच ते पहाटे उठून फळ्या निवडायला लागले.

आबा फळी कशी बघतात ते सांगते. एक टोक जमिनीवर, दुसरं हातात, आणि बोटाच्या पेराने मध्यावर दोन ठोके. मग गालाला लावतात. ओली फळी गार लागते म्हणतात. मग डोळ्यासमोर आडवी धरून एका डोळ्याने काठ बघतात, पीळ आहे का ते. सगळं मिळून एक मिनिटही लागत नाही. हे मी कागदावर लिहू कसं, हाच माझा प्रश्न आहे.

हिशोबनीस, पैसे ४५ दिवसांनी म्हणतायत, आगाऊ २० टक्के. तुम्ही लिहिल्यावर मी बसून गणित केलं आणि खरंच आमच्याकडे तेवढी रोख नाही. दादाला दाखवलं, तो गप्प झालाय.

---

पॅनलवाला

माझं काम प्लाय आणि बोर्डाचं, सॉलिड लाकूड कमी, त्यामुळे ओलाव्याचं उभी_रेघ यांनाच विचारा. मी मापावर बोलतो.

तुम्ही म्हणालात डोक्यातलं कागदावर आणायचंय. त्याची सुरुवात मापापासून करा, ते सगळ्यात सोपं. आमच्याकडे कपाटाची खोली वडिलांच्या काळापासून ६१० मिलिमीटर धरायचे, दोन फूट म्हणून. शीट असतं २४४० बाय १२२०. आता १२२० मध्ये ६१० च्या दोन पट्ट्या बसतात असं वाटतं, बरोबर? पण करवतीचं पातं ३ मिलिमीटर खातं. १२२० अधिक ३, म्हणजे १२२३. बसत नाही! मग काय व्हायचं, कारागीर दुसरी पट्टी ६०७ ची काढायचा आणि पुढे सरकवून जुळवायचा, नाहीतर एका शीटमधून एकच पट्टी काढून उरलेलं कोपऱ्यात ठेवायचा. तो कोपरा छतापर्यंत गेला होता आमचा. खोली ६०० केली, दोन पट्ट्या आणि पातं मिळून १२०३, वर १७ उरतात काठ साफ करायला. फक्त १० मिलिमीटर बदलले. गिऱ्हाइकाला कळलंही नाही, आणि कोपरा वर्षभरात रिकामा झाला.

सीएनसी घेतली तर हेच गणित परत करा कारण राउटरचं कटर १०-१२ मिलिमीटरचं असतं, तेवढा भुसा प्रत्येक कापाला.

दुसरं, ३२ ची पद्धत घ्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत घरं भराभर उभी करायची होती तेव्हा कपाट करणाऱ्यांनी ही बसवली. बाजूच्या फळीला ५ मिलिमीटरची भोकं, एकमेकांपासून ३२ वर, आणि पहिली रांग पुढच्या काठापासून ३७ वर. बिजागऱ्या, ड्रॉवरचे चॅनल, शेल्फच्या पिना, सगळं ह्याच भोकांवर बसतं कारण हार्डवेअर बनवणारेही तेच माप धरतात. पहिल्यांदा आम्ही मशीन नाही घेतली, प्लायची एक पट्टी घेऊन तिच्यावर भोकं पाडून जिग केली, म्हणजे माप धरायचा साचा. नवीन मुलगा दुसऱ्या दिवशी तेच काम करायला लागला जे आमचा जुना कारागीर टेप आणि गुण्या घेऊन करायचा. त्याने आधी तोंड फुगवलं, पण मग तोच जिग करायला लागला आणि आता आमच्याकडे भिंतभर जिग टांगलेत, प्रत्येकावर तारीख आणि माप.

---

जुनी_पटाशी

मी मालक नाही, कारागीर आहे, तीस वर्षं वेगवेगळ्या कारखान्यांत काम केलंय आणि दोन घरच्या धंद्यांना वाढताना बघितलंय, तर त्या बाजूने लिहितो.

जिग चांगला पण माणसाला फक्त जिगवर ठेवू नका. एका ठिकाणी मला दोन वर्षं नुसती भोकं पाडायला लावली, मी सोडलं. पोरगा शिकायला आला तर त्याला कुसू (खाचेत बसणारं टोक) काढायला द्या, खाच पाडायला द्या, सांधा बसला की तो आवाज येतो ना थप्प, तो ऐकल्याशिवाय हा धंदा माणसाच्या अंगात उतरत नाही. आठवड्यातला एक दिवस तरी. जो माणूस सांधा बसवू शकतो तोच जिग चुकला तर ओळखतो.

ताई, तुमची माणसं दुप्पट होणार तर भुश्याचं आधी बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाचा भुसा माणसाला कर्करोग देणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलाय. नाकाचा आणि सायनसचा. जो भुसा खाली पडलेला दिसतो तो नव्हे, घासकाम करताना उडणारा, उन्हाच्या तिरिपेत तरंगताना दिसतो तो बारीक. तुमच्या वहिनी घासकाम करतात म्हणालात, वर्षानुवर्षं. त्यांना साधा रुमाल बांधायला सांगू नका, चांगला मास्क आणि घासायच्या मशीनला लावलेला ओढणारा पाइप, आणि भुसा झाडूने झाडण्याऐवजी व्हॅक्यूमने ओढायचा.

आणि एक आगीचं. जवसाच्या तेलाचं पॉलिश करत असाल तर त्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत. ते तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि गरम होतं, चिंध्यांचा ढीग असेल तर उष्णता आतच साठते आणि काडी न लावता पेटते. मी काम करत होतो तिथे रात्री अकराला धूर दिसला, शेजारच्यांनी दार तोडलं म्हणून वाचलं. चिंधी पसरून मोकळ्यावर वाळवायची, नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात.

---

रंध्याची_धार

जुनी_पटाशी दादा, तुमचा प्रतिसाद वाचून मी उठून शेडवर जाऊन आले. पॉलिशच्या कोपऱ्यात बादलीत चिंध्या होत्या, कोरड्या, दाबून भरलेल्या. हात लावला तर मधे कोमट लागल्या. अंगावर काटा आला. सगळ्या बाहेर पसरल्या आणि आजच डबा आणला. मनापासून आभार तुमचे, हे फक्त लिहायचं म्हणून लिहीत नाहीये.

---

कपाटातली_पुस्तकं

मी सुतारकामातली नाही, पण हा धागा वाचताना मिखाएल थोनेट सारखा आठवत होता, म्हणून लिहिते, कदाचित उपयोगी पडेल.

जर्मनीतल्या ऱ्हाईन नदीकाठच्या बोपार्ट गावातला सुतार, जन्म १७९६. त्याला लाकूड वाकवायचं वेड, आधी पातळ पट्ट्या चिकटवून वाकवायचा, पण दमट हवेत गोंद सुटायचा. मग वाफेवर बीच झाडाची अख्खी काठी वाकवायला लागला. अडचण अशी की वाकवताना बाहेरच्या बाजूने तंतू ताणून फाटायचे. लाकूड दाबलं तर बरंच सहन करतं, ताणलं तर नाही. त्याने बाहेरच्या बाजूला लोखंडाची पट्टी दोन्ही टोकांना आवळून बसवली, मग ताण पट्टीने घेतला आणि लाकूड आतून फक्त दाबलं गेलं. एवढ्या एका पट्टीने जे काम त्याचा हात करत होता ते दुसरा माणूस करू शकला. आबांच्या बोटाच्या पेराचं जे तुम्ही लिहिलंत ना, मला वाटतं तुम्हालाही अशीच एखादी पट्टी शोधायची आहे.

आणि घरचा धंदा म्हणून बघा, १८५३ मध्ये त्याने सगळा धंदा पाच मुलांच्या नावावर केला, स्वतः जिवंत आणि कामात असताना. तो गेला १८७१ ला. मधल्या अठरा वर्षांत मुलांनी त्याच्या डोळ्यांदेखत चालवला. १८५९ ची त्यांची १४ नंबरची खुर्ची, वाकवलेले सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट, बस्स. सुटे भाग केले की एक घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावायच्या आणि पोचल्यावर जोडायच्या. १९३० पर्यंत पाच कोटी विकल्या गेल्या असं नोंदलंय. सगळं एका नमुन्यावर. तुमचे ६० सेट एकाच मापाचे आहेत म्हणून हे सांगितलं.

अजून एक छोटंसं. खेळण्यांची लेगो कंपनी सुरू झाली ती डेन्मार्कमधल्या बिलुंडच्या सुताराच्या वर्कशॉपमध्ये, ओले किर्क क्रिस्चियनसेन, १९३२ पासून लाकडी खेळणी. मुलगा गॉटफ्रेड एकदा आनंदाने सांगत आला की बदकांना तीनऐवजी दोनच हात वॉर्निश देऊन पैसे वाचवले. बापाने त्याला स्टेशनवर परत पाठवलं, खोकी आणायला लावली आणि तिसरा हात त्याच्याकडूनच देऊन घेतला. मुलाने ते आयुष्यभर सांगितलं आणि पुढे तोच कंपनीचा प्रमुख झाला.

---

दोन_किल्ल्या

सगळे लाकडावर बोलतायत, मी घरावर बोलते, रागावू नका.

आमच्या वडिलांच्या मागे तीन भाऊ आणि मी. धंदा चांगला मोठा झाला होता, तीस माणसं. काही लिहिलेलं नव्हतं. कोण पगार किती घेतो, घरखर्च धंद्यातून किती, शेड कोणाच्या नावावर, भांडण झालं तर कोण ठरवणार, काहीच नाही. वडील होते तोपर्यंत त्यांचा शब्द होता. ते गेले आणि दीड वर्षात मशीन वाटून घेतल्या. करवत एकाकडे, रंधा एकाकडे, प्रेस एकाकडे. कोणाचंच काम पूर्ण होईना. आज तिघेही दुसऱ्याकडे कामाला जातात, आणि त्यातल्या एकाच्या अंगणात ती प्रेस ताडपत्रीखाली पडून आहे, मी गेले की तिच्याकडे बघवत नाही.

तुमच्या दोघांत आज प्रेम आहे ना, मग आजच बसा. नुसत्या माणुसकीवर राहू नका. घरातला जो कोणी शेडमध्ये हात लावतो त्याला पगार, तेवढाच जेवढा बाहेरच्याला दिला असता. नफ्याचा वाटा वेगळा. आणि वहिनींचं नाव कागदावर आलं पाहिजे. तुम्ही तास मोजलेत, भाव वाढवलेत, छान केलंत, पण त्या ३१ तासांतल्या वहिनींच्या तासांचे पैसे त्यांच्या हातात गेले का? हे तुम्ही लिहिलेलं नाही म्हणून विचारते.

---

रंध्याची_धार

दोन_किल्ल्या, नाही गेले. तुमचा प्रश्न वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. मी मोजले, मी भावात धरले, आणि पैसे धंद्यात राहिले, मशीनला गेले. नऊ वर्षं मला त्याचा अभिमान होता आणि वहिनीला विचारायचं मलाही सुचलं नाही.

---

पॅनलवाला

ताई, सुचलं ना आता. आमच्याकडे ते कधीच कोणाला सुचलं नाही. पुढे काय ठरतंय ते नक्की लिहा, आम्ही सगळे वाट बघतोय.

---

रंध्याची_धार

दोन महिने झाले, उशिराबद्दल माफ करा. काय काय झालं ते लिहिते.

ऑर्डर आम्ही घेतली पण ६० नाही, २० सेट, सहा महिन्यांसाठी, आणि आगाऊ ४० टक्के. दादाने स्वतः बोलणी केली. आधी ते नाही म्हणाले, आठ दिवसांनी हो म्हणाले. दुसरी शेड आत्ता नाही, सीएनसीही नाही. त्याऐवजी एक ओलाव्याचा मीटर, भुसा ओढायची मशीन, आणि कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करायला एक मुलगी घेतलीये, फार हुशार आहे. तिने पहिल्याच आठवड्यात आमच्या छोट्या कपाटाची उंची १२ मिलिमीटरने बदलायला लावली आणि एका शीटमध्ये एक जास्तीची पट्टी निघायला लागली. पॅनलवाला, हे तुमच्यामुळे.

वहिनीला पगार सुरू झाला. पॉलिश विभाग तिचा, दोन बायका तिच्या हाताखाली, मास्क सगळ्यांना. मागचे पैसे एकदम देणं जमणार नव्हतं, म्हणून तिचा धंद्यात वाटा लिहून दिला, वकिलाकडे जाऊन. दादा, मी आणि वहिनी, तिघांच्या सह्या. सही करताना ती काहीच बोलली नाही. घरी आल्यावर मला म्हणाली, "तू तो कागद भिंतीवर लावलास तेव्हा मी माझे तास कमी लिहिले होते गं, वाईट दिसेल म्हणून." म्हणजे ७१ सुद्धा खरे नव्हते.

आबांचं सांगायचं राहिलं. त्यांना वही द्यायचा मी प्रयत्न केला, ते नुसते बघत बसायचे, एक ओळ लिहिली नाही. मग 'कपाटातली पुस्तकं'ताईंच्या त्या लोखंडी पट्टीवर विचार करत होते तेव्हा वाटलं की लिहायला कशाला लावायचं, बघून बोलू दे. आता रोज सकाळी नवीन मुलगा आबांबरोबर फळ्यांपाशी असतो. आबा ठोके मारतात, गालाला लावतात आणि ओलाव्याचा आकडा सांगतात. मुलगा तो आकडा फळीवर खडूने लिहितो. मग मीटर लावतो आणि मीटरचा आकडा बाजूला लिहितो. मग स्वतः ठोके मारून बघतो. पहिल्या आठवड्यात आबा म्हणाले हे पोरखेळ आहेत. दुसऱ्या आठवड्यात ते खडू स्वतः घ्यायला लागले. आत्तापर्यंत साडेतीनशे फळ्या झाल्यात, बहुतेक वेळा आबा एक-दोन टक्क्यांत असतात. मुलगा आधी पाच-सहाने चुकायचा, आता तीनवर आलाय. कोणती फळी पाटाला, कोणती पायाला, कोणती मागे, हेही आबा बोलतात आणि ड्रॉइंगवाली मुलगी ते ऐकून लिहून घेते, त्यातलं निम्मं तर दादालाही माहीत नव्हतं.

काल एका फळीला आबा १२ म्हणाले, मीटरने १४ दाखवले. आबांनी परत ठोके मारले, परत गालाला लावली, आणि मुलाला विचारलं, "तुझं काय?" तो घाबरत म्हणाला १५. आबांनी आपला १२ हाताने पुसला आणि फळी रचून ठेवायला सांगितली. ती आणि तिच्या थप्पीतल्या बाकीच्या आता अजून तीन आठवडे थांबतील. गिऱ्हाइकाला कळवलंय, चार सेट उशिरा येतील म्हणून.